पेशी, उंदीर की माणूस? आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांचे संपादक यांस

विषय : वनस्पतींच्या ‘कॅन्सरविरोधी’ गुणांच्या आणि नव्या टार्गेटेड औषधांच्या बातम्यांबाबत

स. न. वि. वि.

मी एका कॅन्सर रुग्णालयात औषधनिर्माती आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली केमोथेरपी तपासणे, रुग्णाची उंची आणि वजन पाहून मात्रा पुन्हा एकदा मोजणे, काचेच्या बंद कपाटात दुहेरी हातमोजे घातलेले हात घालून ते औषध सलाइनमध्ये मिसळणे आणि बाटलीवर नावाची चिठ्ठी लावून ती वॉर्डात पाठवणे, हे माझे गेल्या बावीस वर्षांचे काम आहे. रुग्णांशी माझी गाठ पडते ती औषधांच्या खिडकीवर, आणि तिथे त्यांच्या हातात डॉक्टरांच्या कागदाबरोबर पुष्कळदा आपल्या पुरवणीचे एखादे कात्रण घडी घालून ठेवलेले असते. हे पत्र त्या कात्रणांविषयी आहे.

आमच्याकडे गडहिंग्लजकडचे एक निवृत्त शाळामास्तर येतात. त्यांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर आहे आणि दर आठवड्याला पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिबचे इंजेक्शन घेण्यासाठी ते पहाटेची एसटी पकडतात. एके दिवशी त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्या खिडकीवर ठेवली. शाळेतल्या हजेरीपटासारखे रकाने आखलेले होते : तारीख, वनस्पतीचे नाव, ‘उपयोग’. शेजारच्या पानावर कात्रण डकवलेले आणि महत्त्वाच्या ओळी लाल शाईने अधोरेखित केलेल्या. हळद, कडुलिंब, गव्हांकुर, लक्ष्मणफळ, कोरफड, शेवगा, जांभळाच्या बिया, द्राक्षांची साल, ग्रीन टी. मास्तर म्हणाले, “ताई, एवढ्या वस्तूंनी जर कॅन्सर मरतोय, तर मला हे इंजेक्शन कशाला?” बोलण्यात उपरोध अजिबात नव्हता. छापलेला शब्द नीट वाचावा आणि त्यावर विश्वास ठेवावा असे त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवले, आणि आता त्या शिकवणुकीप्रमाणेच ते वागत होते.

उभ्या उभ्या देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. म्हणून पुढचे काही आठवडे, त्यांच्या इंजेक्शनचा नंबर येईपर्यंत, आम्ही दोघांनी एकेक कात्रण घेऊन त्यामागचे मूळ संशोधन शोधले आणि वहीत चौथा रकाना आखला. प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर झाला असेल तर ‘पे’, उंदरांवर झाला असेल तर ‘उं’, माणसांवर झाला असेल तर ‘मा’. वही संपत आली तेव्हा तो रकाना ‘पे’ने भरला होता, ‘उं’ अधूनमधून दिसत होता, आणि ‘मा’ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते.

यातल्या बहुतेक बातम्या एका प्लास्टिकच्या तबकडीत जन्माला येतात. पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान तबकडी, तिच्यात शर्टाच्या गुंडीहून बारीक असे ९६ खळगे, आणि प्रत्येक खळग्यात कॅन्सरच्या काही हजार पेशी. या पेशी बहुधा हेला किंवा एमसीएफ-७ अशा नावांच्या असतात. कुणा रुग्णाच्या शरीरातून कित्येक दशकांपूर्वी घेतलेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवत आणलेल्या. त्यांच्यावर वनस्पतीचा अर्क टाकायचा, दोनतीन दिवस थांबायचे आणि मग एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्या रंगाला जांभळा करतात. जांभळेपणा जितका कमी, तितक्या पेशी जास्त मेल्या असे धरायचे. मी स्वतः एम. फार्म.ला असताना शेवग्याच्या पानांच्या अर्कावर हाच प्रयोग केला होता. आकडे छान आले, प्रबंध मान्य झाला, पण त्या आकड्यांच्या बळावर कुणा रुग्णाला शेवगा खायला सांगावे असे माझ्या मार्गदर्शकांच्या स्वप्नातही आले नसते. हा प्रयोग म्हणजे चाळण आहे. हजारो पदार्थांमधून पुढे तपासण्याजोगे दहावीस वेगळे काढायला ती उत्तम आहे. मात्र त्याच खळग्यात भरपूर मीठ, स्पिरिट किंवा साबणाचे पाणी टाकले तरी पेशी मरतात. त्या तबकडीला आतडे नसते, यकृत नसते, मूत्रपिंड नसते, आणि जिला वाचवायचे आहे ती निरोगी अस्थिमज्जाही तिथे नसते. शिवाय वनस्पतींतले काही पदार्थ त्या पिवळ्या रंगाशी थेट झटापट करून आकडेच बिघडवतात, ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या लोकांना ठाऊक असते आणि बातमीपर्यंत कधी पोहोचत नाही.

हळदीचे उदाहरण जरा सविस्तर घेते, कारण मास्तरांच्या वहीत सर्वांत जास्त पाने तिचीच होती आणि हळदीविरुद्ध बोलायला मराठी माणसाची जीभ रेटत नाही, तशी माझीही रेटत नाही. हळदीतले कर्क्युमिन तबकडीत अनेक प्रकारच्या कॅन्सर पेशी मारते, हे खरे आहे. पण ते आतड्यातून रक्तात फारच थोडे जाते आणि जे जाते त्याचेही यकृत चटकन रूपांतर करून टाकते. रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन पाहिले तेव्हाही रक्तात ते नाममात्रच सापडले. घरातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद पोटात गेली पाहिजे. दुधात चमचाभर हळद घालणाऱ्या रुग्णाने आपल्या चमच्याचा हिशेब यावरून करावा. ह्यूस्टनमधल्या एका मोठ्या कॅन्सर केंद्रात स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या २५ रुग्णांना हीच मात्रा देण्यात आली आणि त्यांतल्या अवघ्या दोघांत काही परिणाम दिसला. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात कर्क्युमिनवरच्या साऱ्या कामाचा आढावा आला. तोवर १२०हून अधिक मानवी चाचण्या झालेल्या होत्या आणि रुग्ण व डॉक्टर दोघांनाही कळू न देता, खोट्या गोळीशी तुलना करून केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नव्हती. हे रेणू प्रयोगातल्या मोजणीलाच फसवतात, असेही त्या आढाव्यात स्पष्ट लिहिले होते. मास्तरांच्या वहीत हळदीची एवढी कात्रणे होती, पण या आढाव्याचे एकही नव्हते. त्यांनी ते डकवायचे टाळले असे मला वाटत नाही. ते छापलेच गेले नसावे.

यावरून मी वनस्पतींच्या विरोधात आहे असा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे, कारण माझ्या कपाटातल्या निम्म्या बाटल्यांचे मूळ झाडातच आहे. अंगणात, तुळशीवृंदावनाजवळ फुलणारी सदाफुली घ्या. आपल्याकडे मधुमेहावर तिची पाने चावण्याची जुनी पद्धत आहे, आणि गंमत म्हणजे संशोधनाची सुरुवातही तिथूनच झाली. १९५०च्या दशकात जमैकामधून टपालाने तिची पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली, कारण तिथले लोक मधुमेहावर तिचा काढा घेत असत. उंदरांना अर्क तोंडावाटे दिला तेव्हा रक्तातली साखर हलली नाही. टोचून दिला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी शोध घेतला तेव्हा कळले की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच नाहीशा होत आहेत. साखरेच्या औषधाचा शोध फसला होता, पण ज्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्याच्यावरचे हत्यार हाती आले होते. १९५८मध्ये व्हिनब्लास्टिन आले, आणि पुढे एका अमेरिकी कंपनीने वेगळे काढलेले व्हिन्क्रिस्टिन १९६३मध्ये वापरात आले. मुलांच्या ल्युकेमियात इतर औषधांच्या जोडीने ते आजही दिले जाते आणि चांगल्या केंद्रांत त्यातली बहुसंख्य मुले बरी होतात.

आता ते औषध माझ्या हातात कसे येते ते पाहा. काचेची लहानशी कुपी, आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला साधारण ५०० किलो वाळलेली पाने लागतात असे सांगतात. त्या हिशेबाने एका मात्रेमागे किलोभर वाळलेली सदाफुली आली. मात्रा थोडी चुकली तर हातापायांना मुंग्या येतात, पाऊल उचलत नाही, आतडी थंडावतात. हे औषध शिरेऐवजी चुकून मणक्यातल्या पाण्यात गेले तर रुग्ण बहुधा दगावतो, म्हणून त्यावर तशी ठळक सूचना असते, आणि ते सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीतच द्यावे असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सगळ्यांना बजावले. सदाफुलीची पाने चावल्याने मधुमेह जात नाही, कॅन्सरही जात नाही. त्याच पानांतला एक रेणू वेगळा काढून, मोजून, योग्य शिरेतून दिला की मूल वाचते. ‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ हे वाक्य आपल्या पुरवण्यांत मी अनेकदा वाचले आहे. ते छापणाऱ्याला एकदा माझ्या कपाटापाशी उभे करावेसे वाटते.

दुसरी गोष्ट तर आपल्या सह्याद्रीतलीच आहे आणि ती मराठी पुरवण्यांनी मनसोक्त छापावी अशी माझी इच्छा आहे. नंदुरबारमध्ये १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. या जोडीने एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे काढून १९६६मध्ये त्याची रचना मांडली आणि १९७१मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची. कॅन्सरवरच्या औषधांच्या दोन मोठ्या कुळांच्या उगमापाशी एक खानदेशी माणूस आहे, हे आपल्या किती वाचकांना माहीत असेल? इकडे १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिले की तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या घाटातल्या नरक्या या झाडातही आहे, आणि भरपूर आहे. दुर्गंधामुळे ज्याला गावकऱ्यांनी हे नाव दिले, त्या झाडाला अचानक भाव आला. पुढे त्याची चोरटी तोड झाली आणि वनखात्याला नरक्याच्या लाकडाच्या गाड्या पकडाव्या लागल्या, हे आपल्याच जिल्हा पानांवर मी वाचले आहे. त्या बातम्यांत ‘कॅन्सरवर गुणकारी वनस्पती’ एवढेच लिहिलेले असे. झाडापासून औषधापर्यंतची खरी वाट त्यात नसे, आणि ती वाट फार शिकवणारी आहे.

ती अशी. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून १९७०च्या सुमारास त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना देण्यात आला. तबकडीत आणि उंदरांत उत्तम ठरलेला हा पदार्थ माणसात गेल्यावर लघवीतून रक्त पडू लागले, पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. कारण नंतर उमगले. क्षार करताना रेणूचे एक वलय उघडत होते आणि त्याची कॅन्सरवरची धार जात होती. मूत्राशयातल्या आम्लधर्मी लघवीत ते वलय पुन्हा मिटत होते आणि धार नको तिथे परत येत होती. १९८५मध्ये हा रेणू पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला, म्हणजे डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या यंत्रणेला, अडकवून ठेवतो असे कळले. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सांगाड्यात फेरफार करून टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन बनवली, आणि १९९६मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. पहिल्या शोधनिबंधापासून तीस वर्षे. टॅक्सॉललाही, साल गोळा केल्यापासून १९९२च्या मान्यतेपर्यंत, तितकीच लागली. झाडात गुण आहे हे सुरुवातीलाच कळले होते. बाकीची बहुतेक वर्षे तो गुण माणसाला मारणार नाही अशा रूपात आणण्यात गेली.

आणि ही वाट तिथेही थांबली नाही. जुलै २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कॅन्सरच्या तीन औषधांवरचे सीमाशुल्क माफ झाले. ती बातमी आपण सर्वांनी छापली, बहुतेकांनी अर्थविषयक पानावर. त्यातले एक होते ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटिकॅन. हे पूर्ण अर्थाने टार्गेटेड, म्हणजे ठरावीक निशाणा शोधून मारा करणारे, औषध आहे. त्याचा अर्धा भाग म्हणजे स्तनाच्या काही कॅन्सर पेशींच्या अंगावर असलेले हर-२ हे प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे, आणि त्या प्रत्येक प्रतिपिंडाच्या पाठीवर साधारण आठ विषारी रेणू बांधलेले असतात. पेशी प्रतिपिंड गिळते आणि विष आत सुटते. ते विष म्हणजे कॅम्प्टोथेसिनच्याच सांगाड्यावर घडवलेला, नरक्यातल्या रेणूचा दूरचा नातलग. एका पानावर ‘केमोला पर्याय वनौषधी’ आणि दुसऱ्या पानावर ‘आता केमोची गरज नाही, आली टार्गेटेड थेरपी’ असे मथळे आपण छापता, तेव्हा निसर्ग, केमो आणि टार्गेटेड औषध या तीन वेगळ्या छावण्या आहेत असे वाचकाला वाटते. इथे तर तिन्ही एकाच कुपीत आहेत.

टार्गेटेड औषधांच्या बातम्यांतही दोष आहेत, ते सांगितले नाहीत तर हे पत्र एकतर्फी होईल. ‘फक्त कॅन्सरच्या पेशी शोधून मारणारे, निरोगी पेशींना धक्का न लावणारे’ हे वर्णन आता छापील साच्यासारखे झाले आहे. ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्या रुग्णाच्या हृदयाची दर काही महिन्यांनी तपासणी का करावी लागते आणि डेरुक्सटिकॅनवर असलेल्या रुग्णाला साधा खोकला आला तरी आम्ही सावध का होतो, याला त्या वर्णनात जागा नाही. शिवाय निशाणा असेल तरच नेम लागतो. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या साधारण पंधरा ते वीस रुग्णांतच हर-२ भरपूर असते, आणि ते आहे की नाही हे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीतूनच कळते. बातमीत हे वाक्य नसते, म्हणून जमीन विकून ‘ते नवीन इंजेक्शन’ द्या असे म्हणणारे नातेवाईक आमच्या खिडकीवर येतात आणि आपल्या बाईच्या गाठीत तो निशाणाच नाही हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळते. इमॅटिनिब २००१मध्ये आले आणि एका प्रकारच्या ल्युकेमियाचे रुग्ण रोजच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षे जगू लागले, हे टार्गेटेड औषधांचे सर्वांत लखलखीत यश; सर्वोच्च न्यायालयाच्या १ एप्रिल २०१३च्या निकालाने त्याच्या स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला, हे आपण पहिल्या पानावर छापले होते आणि ते योग्यच होते. पण प्रत्येक टार्गेटेड औषध इमॅटिनिब नसते. कित्येकांचा लाभ काही महिन्यांचा असतो. तो आकडा मथळ्याखाली यायला हवा.

आता मास्तरांकडे परत येते, कारण खरी काळजी मला त्यांच्या वहीतल्या एका पानाची होती. ग्रीन टी. त्या पानाजवळ, पिशवीत, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली होती. रोज दोन, तीन महिने चालू. त्यांनी उपचार सोडले नव्हते, फक्त ‘नैसर्गिक जोड’ दिली होती, आणि डॉक्टरांना सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटले नव्हते. अडचण अशी की ग्रीन टीतला ईजीसीजी हा घटक बोर्टेझोमिबमधल्या बोरॉनला पकडून औषध निकामी करू शकतो, असे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९मध्ये दाखवले होते. हा प्रयोगही पेशींवर आणि उंदरांवरचाच आहे, आणि पुढे दुसऱ्या एका गटाला उंदरांत कमी मात्रेवर असा अडथळा दिसला नाही. म्हणून मास्तरांचे औषध वाया गेले असे मी त्यांना सांगितले नाही. तसे मला ठाऊकच नाही. या शोधापुढेही आम्ही ‘उं’ लिहिले, कारण नियम सगळ्यांना सारखा. पण लाभ सिद्ध नसलेल्या कॅप्सूलसाठी सिद्ध झालेले औषध पणाला लावू नये एवढे त्यांना पटले आणि बाटली बंद झाली. कोकणातल्या पाहुण्यांनी आणलेल्या पपनसाचीही अशीच गोष्ट आहे. इमॅटिनिबबरोबर ग्रेपफ्रूट घेऊ नये असे आम्ही सांगतो, कारण ते आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या विकराला दाबते आणि रक्तात औषध प्रमाणाबाहेर चढू शकते. पपनस हे त्याच ग्रेपफ्रूटचे जन्मदाते फळ. ‘क जीवनसत्त्वाने भरलेले, कॅन्सररुग्णांसाठी उत्तम’ असे त्याच्याविषयी लिहिणाऱ्याला हे माहीत असायला हवे होते.

फेब्रुवारी २०२४मध्ये ‘१०० रुपयांची गोळी कॅन्सर परत येऊ देणार नाही’ ही बातमी आली तो आठवडा मला विसरता येत नाही. मूळ काम गंभीर होते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातले संशोधक द्राक्षात सापडणारे रेस्व्हेराट्रॉल आणि तांबे यांच्या मिश्रणावर बरीच वर्षे काम करत आहेत. मरणाऱ्या कॅन्सर पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याचे, कण निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवतात आणि हे मिश्रण ते कण नष्ट करते, अशी त्यांची मांडणी आहे. कॅन्सर परत येण्याबाबतचा पुरावा मात्र उंदरांवरचा होता आणि माणसांवरच्या त्या चाचणीला साधारण पाच वर्षे लागतील असे संशोधकांनीच सांगितले होते. हे वाक्य काही ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात आले, काही ठिकाणी आलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तेव्हा शंभराच्या नोटा घेऊन माणसे उभी होती. एका आजोबांनी नोट सरकवून “ती नवी गोळी” म्हटले, आणि अशी गोळी अजून दुकानात नाही हे मी सांगितल्यावर त्यांनी नोट पुन्हा चौकोनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कडुलिंब आणि हळदीच्या आहाराने पत्नीचा कॅन्सर गेल्याचे एका माजी क्रिकेटपटूने जाहीर केले, तेव्हा टाटाच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांना एकत्र निवेदन काढावे लागले. दावा आणि निवेदन यांना आपल्या पानांवर किती जागा मिळाली ते आपण आपलेच अंक काढून मोजावे.

वाचकाला आशा हवी असते, असे आपल्यातील एका उपसंपादकांनी मला फोनवर सांगितले. हे मी अमान्य करत नाही. पण अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदणीच्या आधारे २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरमध्ये मान्य उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका अडीच पट होता, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त होता. १९५४च्या कायद्याने कॅन्सर बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करायला बंदी आहे. बातमीला तो कायदा लागू होत नाही, म्हणून जाहिरातदाराला जे छापता येत नाही ते बातमीच्या रूपाने फुकट छापून येते, आणि कधीकधी त्याच पानाच्या तळाशी ‘ऑपरेशनशिवाय गाठींवर खात्रीशीर उपचार’ असा चौकोनही असतो.

माझे मागणे मोठे नाही. अशा प्रत्येक बातमीच्या डोक्यावर, बातमीदाराच्या नावाशेजारी, ‘पेशी’, ‘उंदीर’ किंवा ‘माणूस’ यातला एक शब्द छापावा. माणूस असेल तर किती माणसे आणि कशाशी तुलना करून, हे पहिल्या परिच्छेदात यावे. मात्रा लिहावी, आणि ती स्वयंपाकघरातल्या चमच्यात किती होते तेही लिहावे. टार्गेटेड औषध असेल तर कुठली तपासणी होकारार्थी आल्यावर ते चालते, हे लिहावे. उपचार चालू असताना काढा, अर्क किंवा कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांना बाटली दाखवा, ही एक ओळ शेवटी कायमची ठेवावी. ती आमच्याकडच्या वैद्यांनाही मान्य आहे, मी विचारले आहे. आणि जो पदार्थ चमत्कार म्हणून छापला तो पुढे चाचणीत पडला, तर ती बातमीही तेवढ्याच आकाराच्या मथळ्याने छापावी. यासाठी मूळ निबंध वाचून समजावून सांगायला माणूस हवा असेल तर रुग्णालयांत आमच्यासारखे औषधनिर्माते आहेत, औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत शिक्षक आहेत. मी स्वतः रविवारी मोकळी असते.

मास्तर अजून येतात. आता चौथा रकाना ते घरूनच भरून आणतात आणि मी फक्त तपासते, त्यांनी कधीकाळी पोरांच्या वह्या तपासल्या तशी. गेल्या आठवड्यात एका पानावर त्यांनी तो रकाना मोकळा सोडला होता. कात्रण एका रानभाजीचे होते, चार स्तंभांचे, रंगीत चित्रासह, आणि त्यात प्रयोग कुठे झाला, कुणी केला, कशावर केला, यातले काहीच नव्हते. “यात काय लिहायचं ते छापणाऱ्यालाच विचारा,” असे म्हणून त्यांनी ते पान वहीतून सोडवून माझ्याकडे दिले. ते या पत्रासोबत जोडत आहे. वृत्तपत्राचे नाव असलेली वरची पट्टी मी कापून टाकली आहे. ज्यांचे असेल ते ओळखतीलच. रकाना भरून पान परत पाठवावे, मास्तर दर मंगळवारी येतात.

कळावे,
आपली,
एक रुग्णालयीन औषधनिर्माती
कोल्हापूर